मागचे उजवे झाकण

माझ्या प्रवासी पेटीत कपड्यांच्या तळाशी एक लोहचुंबक असतो. जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेला, चहाच्या कपाच्या तोंडाएवढा, गोल आणि त्याच्या आकाराच्या मानाने फार जड. तो नेहमी एका सुती रुमालात गुंडाळलेला असतो. विमानतळावरील तपासनीसांनी दोनदा तो बाहेर काढून उलटसुलट पाहिला आणि धर्मगुरूच्या सामानात ही वस्तू कशासाठी, असा प्रश्न केला. ‘वडिलांची आठवण’ एवढेच उत्तर मी दिले. ते खरे होते, पण पुरते खरे नव्हते. आठवण म्हणून जपलेल्या वस्तू सहसा कामाला येत नाहीत. हा चुंबक अजून कामाला येतो.

बाबा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका गॅरेजात पत्र्याचे काम करीत. पहाटेच्या लोकलने वसईहून निघत आणि रात्री परतत तेव्हा त्यांच्या अंगाला पुट्टीचा आणि गॅसच्या बत्तीचा वास येत असे. चेपलेली फियाट किंवा अँबेसिडर ठोकून ठोकून पूर्ववत करणे हे त्यांचे पोटापाण्याचे काम. पण त्यांची खरी ख्याती निराळीच होती. जुनी गाडी विकत घ्यायला निघालेले लोक सौदा पक्का करण्यापूर्वी ती बाबांना दाखवायला आणीत. बाबा आधी काही न बोलता गाडीभोवती एक फेरी मारीत. मग रुमालात गुंडाळलेला चुंबक दारांवरून, मडगार्डावरून हलकेच फिरवीत. रुमाल रंगाला ओरखडा पडू नये म्हणून. पत्रा असेल तिथे चुंबक ओढ घेतो आणि पुट्टी असेल तिथे हाताला सैल लागतो. सुट्टीच्या दिवसांत मी सोबत असलो, की ते माझा हात आपल्या हाताखाली धरून ती ओढ मला दाखवीत. ‘रंगाला विचारू नकोस, पत्र्याला विचार,’ असे म्हणत. पुढे मी सेमिनरीत गेलो, तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. पण हाताला काही कळावे असे शिक्षण मला मिळाले ते तेवढेच.

गेली काही वर्षे मी ऑगस्ट महिन्यात जर्मनीच्या श्वाबिया प्रांतातील एका खेड्यात जातो. तेथील धर्मगुरू रजेवर जातात आणि त्यांच्या जागी महिनाभर मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी, एखाददुसरी अंत्ययात्रा असे काम मी पाहतो. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेले जर्मन तिथे प्रारंभी निरुपयोगी ठरले, कारण श्वाबियन माणूस अर्धे शब्द गिळून टाकतो. आता कानाला सवय झाली आहे.

त्या गावात ऐंशी ओलांडलेली एक बाई राहते. दर शुक्रवारी मी तिला कम्युनियन द्यायला जात असे. तिचे यजमान जिंडेलफिंगेनच्या मर्सिडीज कारखान्यात तीस वर्षांवर कामाला होते आणि २०२१ च्या हिवाळ्यात वारले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी तिने मला कॉफी दिली आणि म्हणाली, ‘हेर फार्रर, मी शरद ऋतूत वृद्धाश्रमात जाणार. घर मुलगी विकील. गाडी मात्र मला माझ्या हाताने द्यायची आहे. तुमच्या ओळखीत कोणी सज्जन माणूस आहे का?’ आणि तिने गॅरेजचे दार वर सरकवले.

आत गडद निळ्या रंगाची दोन दरवाजांची मर्सिडीज उभी होती. ‘ई ३२०’ कूपे, १९९४ सालची.

इथे थोडे थांबून सांगावे लागेल की ती गाडी पाहून माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या पोटात खड्डा का पडावा. १९९५ मध्ये मी पुण्यात सेमिनरीत होतो. त्या वर्षी पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली. जी गाडी तिथे तयार होऊ लागली ती हीच जात, कारखान्याच्या भाषेत ‘१२४’. अर्थात चार दरवाजांची. नगर रोडने सायकलवरून जाताना एके दिवशी ती माझ्या शेजारून गेली. आवाज जवळजवळ नव्हताच. मी सायकल थांबवून ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. त्या रविवारी बाबा भेटायला आले तेव्हा मी त्यांना गाडीचे वर्णन सांगितले, तर त्यांनी विचारले, ‘दार लावताना आवाज कसा येतो?’ दार लावताना मी ऐकले नव्हते. ती हुरहुर त्यांना शेवटपर्यंत राहिली की नाही ठाऊक नाही, मला मात्र राहिली.

ही जात १९८४ च्या अखेरीस बाजारात आली. तिची कूपे १९८७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. सगळ्या मिळून सुमारे १ लाख ४१ हजार कूपे निघाल्या. तोंडवळा चार दरवाजांच्या गाडीचाच, पण दोन चाकांमधले अंतर ८५ मिलिमीटरने कमी आणि छताखाली मधला खांबच नाही. चारही काचा खाली केल्या की पुढच्या काचेपासून मागच्यापर्यंत एक सलग उघडी खिडकी होते. गाडीच्या दोन्ही अंगांना खालच्या बाजूला जाड प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. उडीने शहरात जन्मलेले इटालियन रचनाकार ब्रूनो साक्को त्या काळी मर्सिडीजच्या रचनाविभागाचे प्रमुख होते, म्हणून शौकीन लोक त्या पट्ट्यांना त्यांच्याच नावाने ओळखतात. पट्ट्या दिसायला देखण्या, पण परीक्षा करणाऱ्याला त्यांच्याकडे संशयानेच पाहावे लागते. कारण त्यांच्या आड काय चालले आहे ते वर्षानुवर्षे कोणाला दिसत नाही.

चूक माझी झाली ती त्या संध्याकाळी. माझा भाचा स्टुटगार्टजवळ एका सुट्या भागांच्या कारखान्यात अभियंता आहे. मी त्याला फोन करून गाडीविषयी सांगितले. सहज, गंमत म्हणून, असे मी स्वतःला बजावले होते.

‘फादरमामा, किती म्हणते ती?’

‘साडेबारा हजार युरो.’

पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन बंद पडला असे मला वाटले. त्याच्याजवळ बँकेत तेरा हजार युरो होते. एकोणतीस वर्षांच्या मुलाची चार वर्षांची बचत. ती कशासाठी आहे हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. त्याला जर्मनीला पाठवताना माझ्या बहिणीने बँकेचे कर्ज काढले होते आणि वर आपल्या बांगड्या गहाण टाकल्या होत्या. अजून सुमारे सहा लाख रुपये फिटायचे होते. बहिणीला दोन दिवसांत बातमी कळली आणि तिने मला फोन केला. ‘तूच त्याच्या डोक्यात हे भरवलेस. आता तूच त्याला समजाव. तुझे ऐकेल तो.’ मी होकार दिला. मग भाच्याला म्हटले, ‘आधी गाडी नीट बघू. वाईट निघाली तर प्रश्नच मिटेल.’ एका वाक्यात बहिणीचे समाधान आणि माझा लोभ, दोन्ही साधले.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असे मी बाईंना बजावून ठेवले होते. गरम इंजिन पुष्कळ पापे झाकते. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवला, थंड होते. बाबांच्या रीतीने एक फेरी मुकाट्याने मारली. भाचा उतावीळपणे दाराच्या कडीकडे गेला, त्याला डोळ्यांनीच थांबवले.

मग चुंबक काढला. छत, दारे, मागचा भाग, उजवे मडगार्ड. सगळीकडे चांगली ओढ. डाव्या पुढच्या मडगार्डावर, दिव्याच्या मागे दीड वीत जागेत, हात एकदम सैल पडला. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. खाली पुट्टी होती. काम बऱ्यापैकी होते. बाबांनी पाहिले असते तर ‘घाई केली’ म्हणाले असते. मी वर पाहिले, तर बाई लाजून लाल झाल्या होत्या.

‘फाटकाचा खांब,’ त्या म्हणाल्या. ‘१९९९ साल. ते तीन आठवडे आरोग्यस्नानाला गेले होते. मी एकटीच गाडी काढली. ते परत येण्यापूर्वी शेजारच्या गावातल्या एकाकडून करून घेतले. त्यांना कधी कळले नाही.’ हे सांगताना त्यांचा आवाज एखाद्या शाळकरी मुलीसारखा झाला होता.

बॉनेट उघडले. आत ३,१९९ घन सेंटिमीटरचे, एका ओळीत सहा सिलिंडरांचे, २२० अश्वशक्तीचे इंजिन. दणकट, पण त्याला दोन दुखणी प्रसिद्ध आहेत. पहिले म्हणजे मागच्या कोपऱ्यात हेड गॅस्केटमधून तेल पाझरणे. बोट लावून पाहिले. ओलावा होता, धार नव्हती. दुसरे अधिक वाईट. १९९० नंतरच्या काही वर्षांत इंजिनाच्या तारांवर जे वेष्टन वापरले गेले ते उष्णतेने बिस्किटासारखे कुसकरते. तारेला तार लागली की इंजिन वेडेवाकडे चालू लागते आणि महागडे संगणकही जळू शकतात. या वर्षांतली गाडी घेणाऱ्याने सर्वप्रथम तारांचा तो जुडगा दुमडून पाहावा. इथे तो मऊ आणि लवचीक होता. त्यावर २००३ ची चिठ्ठी होती आणि बिल फायलीत लावलेले होते. त्या माणसाने वेळेवर खर्च केला होता.

फायलीबरोबर दोन वह्याही होत्या. काळ्या पुठ्ठ्याच्या, चौकोनी रकान्यांच्या. पहिली १९९५ ते २००६, दुसरी तिथून पुढे. कारखान्याच्या कामगारांना वर्षभर वापरलेली गाडी सवलतीत घेता येते. अशा गाडीला तिकडे ‘यारेसवागन’, म्हणजे वर्षाची गाडी म्हणतात. तशीच त्यांनी ही घेतली होती आणि पहिल्या दिवसापासून पेट्रोलचा प्रत्येक लिटर लिहून ठेवला होता. मीटर १ लाख ८६ हजार किलोमीटर दाखवत होता. आकडा खरा की फिरवलेला, हे ओळखायला ब्रेकच्या पेडलचे रबर, सुकाणूच्या चाकावरचे कातडे आणि चालकाच्या आसनाची दाराकडची कड पाहायची असते. माणूस आकडे बदलतो, झीज बदलत नाही. इथे झीज आणि आकडा जुळत होते. तरी वह्यांशी ताडून पाहावे म्हणून मी त्या चाळू लागलो.

१९९९ च्या जूनमध्ये, पेट्रोलच्या दोन नोंदींच्या मध्ये, त्याच बारीक, उभ्या अक्षरांत एक ओळ होती. ‘पुढचे डावे मडगार्ड. पुट्टी. काम साधारण. विचारायचे नाही.’

मी ती ओळ दोनदा वाचली. बाई दाराशी उभ्या राहून भाच्याला सांगत होत्या की या गाडीने आम्ही तीनदा गार्डा सरोवराला गेलो. मी वही मिटली.

त्यानंतर आम्ही फेरफटका मारला. भाचा चालवायला, बाई त्यांच्या नेहमीच्या जागी पुढे, मी मागे. या कूपेत एक चमत्कार आहे. मधला खांब नसल्याने आसनाचा पट्टा फार मागे राहतो, तो पुढच्या माणसाच्या हाताला सहज लागत नाही. म्हणून दार लावून चावी फिरवली की मागून एक बारीक यांत्रिक हात पुढे येतो आणि पट्टा तुमच्या खांद्यापाशी आणून देतो. भाच्याच्या बाजूचा हात कुरकुरत आला. बाईंच्या बाजूचा अलगद आला आणि त्या मान न वळवता ‘डांके’ म्हणाल्या. आभार. तीस वर्षे त्या यंत्राला धन्यवाद देत आल्या असाव्यात; आम्ही ऐकले हेही त्यांच्या लक्षात आले नाही.

गिअर स्वयंचलित, चार टप्प्यांचे. पहिल्यावरून नव्हे तर दुसऱ्यावरून निघते, म्हणून नवख्याला गाडी आळशी वाटते. तो दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज उगाच वर चढतो का, उलटा गिअर पडायला वेळ लागतो का, याकडे कान दिला; तक्रारीला जागा नव्हती. चारही काचा खाली केल्या. द्राक्षमळ्यांच्या मधून रस्ता जात होता. मागच्या आसनावर मला नगर रोडवरची सायकल आठवली आणि मी जाणले की या क्षणी माझ्या परीक्षेवर कोणी भरवसा ठेवू नये.

परत आल्यावर दार लावले. तो आवाज ऐकला. जाड पुस्तक मिटल्यासारखा. बाबांना सांगण्यासारखा होता.

चार झाकणे राहिली होती. प्लास्टिकच्या त्या पट्ट्यांत चार ठिकाणी, प्रत्येक चाकाजवळ एक, छोटी झाकणे असतात. ती काढली की आत जॅक अडकवण्याची नळी दिसते. रस्त्यावरचे हिवाळ्यातले मीठ आणि चिखल तिथे जाऊन बसतात आणि ओल आतल्या आत पत्रा खाते. पुढची दोन झाकणे काढली. बोट कोरडे आले. मागचे डावेही ठीक. मागचे उजवे काढले, आणि माझ्या तळहातावर तपकिरी पापुद्रे पडले. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर नळीच्या कडेने भोक पडले होते. किल्लीने टोचले, तर किल्ली आत गेली.

हा रंगाचा प्रश्न नव्हता. तो भाग गाडीचे वजन पेलणारा. तिकडे दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते. त्यात हे दिसले की गाडी नापास. आणि भाच्याचा सगळा बेत दुसऱ्याच गोष्टीवर उभा होता. जर्मनीत गाडीला तीस वर्षे पूर्ण झाली आणि ती मूळ रूपात, चांगल्या स्थितीत असली, तर तज्ज्ञाच्या दाखल्यावर ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक पाटी मिळते. मग कर वर्षाला साधारण १९२ युरो एवढाच ठोक. ही गाडी त्याच जूनमध्ये तीस वर्षांची झाली होती. पण भोक पडलेल्या गाडीला तो मान मिळत नाही.

भाचा वाकून माझ्याजवळ आला आणि आमच्या भाषेत हळूच म्हणाला, ‘मामा, छान झाले. आता आठ हजारांना मागू. आठही पुष्कळ झाले म्हणू. तिला काय कळतंय?’

बाई दोन पावलांवर हात जोडून उभ्या होत्या आणि आमच्या तोंडांकडे पाहत होत्या. त्यांच्यासमोर त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. लॅमिंग्टन रोडवर दलाल असे गुजरातीत कुजबुजत आणि बाबांचा चेहरा कठीण होत असे, ते मला आठवले. आणि तरीही खरे सांगायचे तर मनात एक हिशेब झालाच: आठ हजारांत मिळाली तर पाच हजार उरतात, बहिणीचे कर्ज बरेचसे फिटते, गाडीही मिळते. सगळेच सुखी. फक्त एक म्हातारी साडेचार हजारांनी कमी सुखी, आणि तिला ते कधी कळणारही नाही.

मी जर्मनमध्ये बोलू लागलो, कारण मराठीत बोलत राहिलो असतो तर काय झाले असते याची मला खात्री नव्हती. बाईंना झाकणाजवळ नेले, पापुद्रे दाखवले. हे जोडकाम करायला दोन-तीन हजार युरो लागतील असे सांगितले. आणि हेही सांगितले की तारा बदललेली, एकाच घरात वाढलेली, सगळे कागद असलेली अशी गाडी सहजी मिळत नाही. हे भोक नसते तर साडेबारा हजार कमी होते. भाच्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याचा मामा नसून विकणाऱ्याचा वकील आहे.

बाईंनी पापुद्रे बोटाने चाचपले. ‘त्यांनी हे पाहिले असते तर?’ असे काहीसे पुटपुटल्या. त्यांनी पाहिले होते. दुसऱ्या वहीची शेवटची नोंद २०२० च्या नोव्हेंबरमधली होती: ‘मागचे उजवे झाकण. वसंतात पाहणे.’ ही ओळ मी त्यांना वाचून दाखवली. १९९९ ची नाही दाखवली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. एकाच सकाळी एका वहीतली एक ओळ वाचावी आणि दुसरीतली वाचू नये, याला माझ्याजवळ तेव्हाही तत्त्व नव्हते आणि आजही नाही.

शेजारचे एक निवृत्त फिटर गृहस्थ दर महिन्याला ती गाडी चालवून आणीत. त्यांना बोलावले. त्यांनी गुडघे टेकून, किल्लीने टोचून पाहिले आणि दहा हजार म्हटले. बाईंनी मान हलवली. भाच्याने आठ दिवसांची मुदत मागितली.

त्या आठ दिवसांत मी त्याला समजवायला हवे होते. मी प्रयत्न केला, असे म्हणू शकतो. विमा, गॅरेजचे भाडे, हिवाळ्याचे वेगळे टायर, दारांच्या रबरी पट्ट्यांच्या किमती, सगळे त्याच्याकडून कागदावर मांडून घेतले. ही गाडी भारतात कधी नेता येणार नाही हेही सांगितले: डाव्या हाताचे सुकाणू, आणि आपल्याकडच्या सर्वसाधारण नियमाने वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असली तर आणता येत नाही. ‘विकायची झाली तर इथेच विकावी लागेल,’ मी म्हटले. तो म्हणाला, ‘मामा, तुम्हाला ती आवडली नाही असे एकदा तोंडाने म्हणा, मी सोडून देतो.’

मी म्हटले नाही.

सप्टेंबरमध्ये, मी वसईला परतल्यानंतर, त्याने ती घेतली. त्याच महिन्यात ब्रूनो साक्को वारल्याची बातमी आली. ती त्यानेच मला कळवली, घरातले कोणी गेल्यासारखी. बाईंनी दुसरी वही गाडीबरोबर दिली आणि पहिली स्वतःकडे ठेवून घेतली, कारण तिच्यात गार्डा सरोवराच्या सहली आहेत. त्यांनी ती वाचली की नाही, मला ठाऊक नाही. दहा आणि जोडकामाचे पावणेतीन मिळून बचतीतले जवळजवळ काहीच उरले नाही. बहीण माझ्याशी चार महिने नीट बोलली नाही. नाताळात घरी गेलो तर जेवण वाढले, पण ‘आणखी घे’ म्हणाली नाही. आमच्याकडे याचा अर्थ काय होतो ते वाचकांना सांगायला नको.

गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२५ साली, पुन्हा त्या गावी गेलो. भाचा मला स्टेशनवर घ्यायला आला, त्याच गाडीतून. नव्या पाटीवर शेवटी ‘एच’ होता. आम्ही वृद्धाश्रमात बाईंना भेटायला निघालो, तेव्हा पट्टा आणून देणारा हात माझ्या खांद्यापाशी आला आणि त्याला काय म्हणावे ते मला सुचेना. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. तो पैसे द्यायला आत गेला असताना कप्प्यातली काळी वही मी काढली. वसंताची ती नोंद होती, तिच्याखाली एक ओळ मोकळी सोडलेली, आणि मग मराठी सुरू झाले होते. ‘मागे उजवीकडे नवा पत्रा.’ मग पेट्रोल, लिटर, किलोमीटर. मग ‘आईला ३००’. मग पेट्रोल. पुन्हा ‘आईला ३००’. एका महिन्यात पेट्रोल नव्हतेच, फक्त आईचे होते, ४५०.

तो परत येताना दिसला तशी मी वही होती तिथे ठेवली.